घरची बॅटरी

पहिल्यांदा ते टीं-टीं वाजलं तेव्हा आई लिंबू चिरत होती आणि बाबा खिडकीतून झाडं बघत होते.

"काय वाजतंय गं?" आईनं विचारलं.

"तुझ्या जावयाची दुसरी बायको रुसली असेल," मी म्हटलं.

दुसरी बायको म्हणजे बस. आजरा मागं टाकून आम्ही तिच्यातून आंबोलीच्या दिशेनं चाललो होतो. एका कारखान्यात कामगारांची ने-आण करून दमलेली ती जुनी बस पुण्याच्या कुणा हौशी गृहस्थानं घेतली होती. त्यानं आतल्या सीट उपटल्या आणि तिच्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी, एवढंसं न्हाणीघर, पंखे असा अख्खा संसार बसवला. त्याची हौस फिटली तेव्हा माझ्या नवऱ्याची सुरू झाली. उपेंद्रनं एके रविवारी ती आणून दारात उभी केली आणि मग मला सांगितलं. गल्लीतली पोरं टायरांवर चढून आत डोकावत होती आणि मी दारात कपाळाला हात लावून उभी होते.

"नाकापेक्षा मोती जड," मी म्हटलं. "ही लावणार कुठं?"

"ते बघू. आधी बाबांना आत बसवून बघ."

ह्याला काय बोलणार! कारण बस बाबांसाठीच होती. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे आणि वर्गाबाहेर बिड्या ओढायचे. निवृत्त झाल्यावर बिड्यांनी हिशेब चुकता केला आणि फुप्फुसं कामातून गेली. दोन वर्षं ते मिरजेच्या एकाच खोलीत, पलंगाशेजारच्या यंत्राची नळी नाकात घालून पडून होते. हवेतून प्राणवायू वेगळा काढणारं ते यंत्र विजेवर चालायचं, आणि ते थांबलं की बाबांचे ओठ निळे पडायचे. एकदा ते उपेंद्रला म्हणाले, "उपेंद्रराव, समोरचा तो अशोक बघून डोळे विटले हो. मला हलणारी झाडं बघायची आहेत." बाकी कुणी हे ऐकून उसासा टाकला असता. ह्यानं बस घेतली. बाबांना त्यांच्या बहिणीकडे, माझ्या इंदूआत्याकडे कुडाळला न्यायचं ठरलं.

उपेंद्र दूध संघात अधिकारी होता, पण हात सदा स्क्रू-ड्रायव्हरला चिकटलेले. शेजाऱ्यांच्या मिक्सरपासून दारावरच्या घंटांपर्यंत सगळं खोलायचा. खोललेलं सगळं परत जोडलं जायचंच असं नाही. वाढला जबलपूरला. आई तो पाचवीत असताना गेली, आणि बापलेक घरात जे बोलायचे त्याला मराठी म्हणायचं ते केवळ आडनावाखातर. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत त्यानं आईला विचारलं होतं, "आई, भाजी काटून देऊ का?" बाबा तेव्हापासून त्याला चिडवायचे. आई मात्र कधी हसली नाही. जावई म्हणजे तिच्या लेखी देव्हाऱ्यातला देव. त्याच्यासमोर ती खुर्चीवर बसायची नाही, आणि त्याचा शब्द खाली पडू द्यायची नाही. उपेंद्र अजूनही मराठी वाचायचा कंटाळा करतो. म्हणून तर मी हे लिहायला धजते आहे.

तर, टीं-टीं.

"उपेंद्र, हे काय वाजतंय बघ!" मी पुढं जाऊन म्हटलं.

त्यानं स्टिअरिंगसमोरच्या मीटरवर बोट आपटलं. "चौदा दाखवतोय. एकदम ठीक आहे. इन्व्हर्टर नवीन आहे ना, म्हणून ओरडून राहिलाय."

"नवीन आहे म्हणून ओरडतो? मग मी का नाही ओरडले लग्नात?"

"तू तेव्हापासून थांबलीच कुठं आहेस?" तो हसला. सकाळपासून स्वारी खुशीत होती. निघण्यापूर्वी त्यानं आम्हा सगळ्यांना उभं करून शिकवणी घेतली होती. गाडीत दोन बॅटऱ्या आहेत. एक गाडीची, इंजिन चालू करायला. दुसरी घरची, म्हणजे दिवे, पंखे आणि मुख्य म्हणजे बाबांचं यंत्र चालवायला. गाडी पळत असते तेव्हा इंजिन दोन्ही बॅटऱ्या भरत राहतं. "त्यामुळं गाडी धावतेय तोवर वीज संपण्याचा प्रश्नच नाही," असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं. पुण्याच्या गृहस्थानं त्याला तसं सांगितलं होतं, आणि घरापाशी त्यानं सगळं चालवून बघितलंही होतं.

थोड्या वेळानं टीं-टीं थांबलं. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं की यंत्राची घरघरही थांबली आहे.

बाबा खिडकीकडची मान वळवून यंत्राकडे बघत होते. "बंद पडलं वाटतं," ते म्हणाले, अगदी पेन्सिलीचं टोक मोडल्यासारखं.

उपेंद्रनं बस रस्त्याकडेला मोकळ्या जागेत घेतली. आजूबाजूला काजूची झाडं आणि तांबडी माती, बाकी चिटपाखरू नाही. मोबाइलला रेंज नाही. पण अडीनडीला म्हणून प्राणवायूचा एक छोटा सिलिंडर आणला होता, तो त्यानं झटक्यात बाबांच्या नळीला जोडला. सिलिंडरच्या तोंडाशी काचेची बारीक नळी असते, तिच्यात एक गोळी तरंगते. चावी फिरवून ती गोळी त्यानं दोनच्या रेषेवर आणली.

"आई, इकडं बघा," तो म्हणाला. "ही गोळी दोनच्या वर जायला नको. डॉक्टरांनी काय सांगितलंय माहीत आहे ना? बाबांना कितीही तगमग झाली तरी वाढवायचं नाही. जास्त गेला तर गुंगी येते आणि श्वास आणखी मंदावतो. आणि सिलिंडरात किती उरलंय ते हा काटा दाखवतो, तो लाल पट्टीवर आला की मला हाक मारा."

"हो हो," आई पदर सावरत म्हणाली. घरी गॅसचा खटका फिरवायलाही ती मला हाक मारायची. ती त्या सिलिंडरजवळ अशी बसली जणू तो चावेल.

उपेंद्रनं पलंगाखालची फळी उचलली. घरची बॅटरी तिथं होती. मला मीटरच्या दोन दांड्या धरायला दिल्या. "लाल लालला लाव, काळी काळीला. वाच."

मी आकडा वाचला. त्याचा चेहरा पडला.

"पूर्ण खाली आहे ही. असं कसं? मीटर तर चौदा दाखवत होता!"

"तो मीटर कुठल्या बॅटरीचा?" बाबांनी पलंगावरून विचारलं.

उपेंद्रनं हातातली फळी खाली ठेवली. मग म्हणाला, "गाडीचा."

म्हणजे मिरज सोडल्यापासून घरच्या बॅटरीत वीज गेलीच नव्हती. दारात उभी असताना बस घरातल्या प्लगला जोडलेली होती, म्हणून सगळं छान चालायचं. इंजिनाकडून घरच्या बॅटरीकडे येणारी वाट कुठंतरी तुटली होती आणि तो दिवसभर दुसऱ्याच बॅटरीचा आकडा बघून खूश होत होता.

"गाडीची भरलेली आहे ना?" मी म्हटलं. "मग तिला लाव यंत्र."

"तेच करून राहिलोय."

इंजिन बंद करून त्यानं जाड वायरी लांबवल्या, यंत्र गाडीच्या बॅटरीवर घेतलं, आणि घरघर पुन्हा सुरू झाली. सिलिंडर बंद केला. आईनं देवाचं नाव घेतलं. मी चहा टाकला. "वा, जावईबापू!" बाबा म्हणाले, आणि उपेंद्र कान लाल करून, इंजिन बंदच ठेवून बसखाली शिरला. कुठली वाट तुटली ते शोधल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं. मी खिडकीतून म्हटलंसुद्धा, "अरे, आहे तशी हाण ना कुडाळपर्यंत!" तर खालून आवाज आला, "पाच मिनिट!" नवऱ्यांची पाच मिनिटं कुठल्या घड्याळात असतात देव जाणे. बाबांनी चहा घेतला, फुलपात्र खिडकीच्या कठड्यावर ठेवलं, रस्त्याकडेला चरणाऱ्या म्हशींचं चित्र कसं काढायचं ते मला सांगितलं. ओठ गुलाबी होते. मी त्यांना इतकं बोलताना वर्षभरात ऐकलं नव्हतं.

पुन्हा टीं-टीं झालं.

उपेंद्र बसखालून सरपटत बाहेर आला, धावत जाऊन सीटवर बसला, किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. यंत्रानं गाडीची बॅटरी खाऊन टाकली होती आणि आता इंजिनही चालू होईना.

"झालं समाधान?" मी ओरडले. "घरची तर गेलीच होती, गाडीचीही घालवलीस! आगीतून फुफाट्यात! काय गरज होती खाली शिरायची?"

तो पांढराफटक पडला. आईनंच मला दटावलं. "विभा! जावयाशी असं बोलतात? जा, कुणीतरी मदत बघ."

उपेंद्रनं सिलिंडर पुन्हा सुरू केला, गोळी दोनवर आणली. येताना मी एक पाटी बघितली होती, काजूच्या कारखान्याची. तिथं फोन असणार. उपेंद्र म्हणाला, "मी जातो," पण एखादी गाडी थांबली तर तिच्या बॅटरीला वायरी जोडून बस चालू करणं मला थोडंच जमणार होतं? मी चपला सरकवल्या.

"जाते मी," मी म्हटलं.

"येते म्हण," आई म्हणाली. अशा वेळीसुद्धा!

"येते बाई, येते."

"काजू मिळाले तर आण," बाबा म्हणाले. नळीमुळं त्यांचं हसू वाकडं दिसत होतं.

निम्मी वाट पळत, निम्मी वाट धापा टाकत मी गेले. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. भाजलेल्या टरफलांचा उग्र वास घशात बसत होता आणि बायका ओळीनं बसून काजू फोडत होत्या. चिकानं काळी पडलेली बोटं थांबली. "कोन आजारी हाय, बाई?" एकीनं विचारलं. मी वडील म्हटल्यावर तिनं उठून मला ऑफिसच्या खोलीत नेलं. तिथला फोन चालू होता, एवढं तरी नशीब. आजऱ्याला रुग्णवाहिका मिळाली, लगेच निघतो म्हणाले. मालकानं मला बसायला सांगितलं, पण बूड टेकवेना. मी रस्त्यावर येऊन उभी राहिले. त्या बाईनं पाण्याचा तांब्या आणून दिला आणि माझ्याबरोबर उभी राहिली. "येतंय, येतंय," ती सारखी म्हणत होती, आणि गाडी आली तेव्हा माझ्याआधी तिनंच हात केला.

आम्ही पोचलो तेव्हा बसच्या तोंडाला तोंड लावून एक ट्रक उभा होता. दोघांच्या मध्ये जाड वायरी. दोन्ही इंजिनं घरघरत होती. उपेंद्र कोपरापर्यंत काळा झाला होता आणि लहान मुलासारखा उड्या मारायचा बाकी होता.

"विभा! सापडलं! एक वायर! एकच वायर निघाली होती गं! ट्रकवाल्यानं गाडी चालू करून दिली, मी वायर जोडली, दोन्ही बॅटऱ्या भरून राहिल्यात बघ! बाबांचं मशीन चालू!"

खरंच चालू होतं. पायरी चढतानाच मला घरघर ऐकू आली. नळी बाबांच्या नाकात नीट बसवलेली होती. आई त्यांचा हात मांडीवर घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "उपेंद्ररावांना काही बोलू नकोस हं. फार धडपडले ते."

रुग्णवाहिकेतला माणूस आत आला. बाबांच्या मानेला बोटं लावली, डोळ्यांत उजेड टाकला, पुन्हा मानेला बोटं लावली. मग त्यानं वाकून यंत्राचा खटका बंद केला.

"बंद नका करू!" उपेंद्र दारातून ओरडला. "आत्ता आत्ता चालू झालंय!"

त्या माणसानं माझ्याकडं बघितलं. मी उपेंद्रचा दंड धरला आणि त्याला खाली घेऊन गेले. मला रडू येत नव्हतं, तोच रडत होता. ट्रकवाला वायरी गुंडाळता गुंडाळता थांबला होता.

मिरजेला परत आल्यावर बस गल्लीत उभी राहिली आणि उपेंद्र तिच्यातच राहायला लागला म्हणा ना. फळ्या उचलायचा, मीटर लावायचा, इंजिन चालू करायचा, बंद करायचा, पुन्हा मीटर लावायचा. सगळं चोख चालत होतं. ते जितकं चोख चाले तितका तो खंगत होता. ताटावर बसे आणि भाताची शितं इकडून तिकडं सरकवून उठे. रात्री कूस बदलत म्हणायचा, "मी मारलं गं त्यांना." मी नाही-नाही म्हणायचे. पण माझ्या आवाजात दम नव्हता आणि ते त्याला कळत होतं.

मग एका दुपारी वसंतकाका, बाबांचे धाकटे भाऊ, अंगणात बसून सगळी हकिगत विचारत होते. काकांना खोदून विचारायची सवय.

"पण सिलिंडर होता ना? तो का नाही पुरला?"

उपेंद्र नखांतला काळा मळ कोरत राहिला. मग म्हणाला, "पुरला असता, काका. दोनवर ठेवला असता तर पुरला असता. पण आईंनी... म्हणजे त्यांचा दोष नाही, घाबरल्या असतील. मी बसखाली होतो. वरून आई म्हणाल्या, 'अहो, सिलिंडर वाढलाय.' मी म्हटलं, थोडा कमी करा, मी आलोच. तेवढ्यात ट्रक आला. मला वाटलं, केला असेल कमी."

"वहिनी!" काका आत बघून म्हणाले. "डॉक्टरांनी एवढं बजावलं होतं, तरी चावीला हात लावलात?"

आई उंबऱ्याच्या आत बसली होती. तिनं मान वर करून उपेंद्रकडं बघितलं. इतका वेळ बघितलं की मला वाटलं आता ही काहीतरी बोलणार. पण तिनं पदर पुढं ओढला आणि मान खाली घातली.

माझं डोकं फिरलं. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "गॅसच्या खटक्याला हात लावत नाहीस आणि तिथं बरी अक्कल चालवलीस! कशाला वाढवलास?"

"झालं खरं," आई म्हणाली, आणि भांडी घासू लागली.

ते नातेवाइकांत पसरलं. समाचाराला येणाऱ्या बायका आईसमोर डोळे पुसायच्या आणि ओसरीवर येऊन कुजबुजायच्या. "हातानं घालवला हो नवरा." आईच्या कानावर जात नव्हतं असं नाही. पण उपेंद्र त्या दिवसापासून अर्धी-पाव पोळी खायला लागला. बसमध्ये जाणंही थोडं कमी झालं. त्याला अर्धं ओझं उतरवायला जागा मिळाली होती.

तेराव्याला इंदूआत्या कुडाळहून आली होती आणि स्वयंपाकघर तिनं ताब्यात घेतलं होतं. गोडाचं जेवण होतं. उपेंद्र पत्रावळींचा गठ्ठा घेऊन आत आला तेव्हा ती परातीवर हात झाडत ओरडली, "अगं, साखर वाढली! कुणाला तरी दुकानात पिटाळा."

"वाढली तर राहू द्या की, आत्या," उपेंद्र म्हणाला. "संध्याकाळी चहाला कामाला येईल."

सगळ्या जणी खळखळून हसल्या. घरात इतक्या दिवसांनी पहिल्यांदा कुणी हसलं.

"अहो जावईबापू! वाढली म्हणजे संपली! संपली असं म्हणू नये, घरात लक्ष्मी असते. मीठ वाढलं, तांदूळ वाढले, तेल वाढलं. संपलं म्हणायचं नाही. तुमच्या जबलपूरला नाही वाटतं म्हणत? आमच्या वहिनी तर काडेपेटीसुद्धा वाढली म्हणतात!"

हसू अजून चालूच होतं. उपेंद्रच्या हातातला गठ्ठा खाली पडला. पत्रावळी जमिनीवर पसरल्या आणि तो त्यांवर पाय देत बाहेर गेला.

मला कळायला एक क्षण जास्त लागला. मग मी त्याच्यामागं धावले.

आई बाबांच्या खोलीत एकटीच होती. पलंग काढून टाकला होता, ती सतरंजीवर बसली होती. उपेंद्र तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"आई, खरं सांगा. त्या दिवशी तुम्ही म्हणालात सिलिंडर वाढलाय. म्हणजे संपलाय म्हणालात का?"

त्याचा आवाज ऐकवत नव्हता. मी दाराची चौकट धरली. आईनं एकदा माझ्याकडं बघितलं, आणि तिच्या नजरेनं मी जागच्या जागी थिजले.

"छे हो," आई म्हणाली. "भलतंच काय! मीच फिरवली चावी. ह्यांची तगमग बघवेना. म्हटलं, थोडा जास्त मिळाला तर बरं वाटेल. गोळी पार वर गेली तेव्हा घाबरले आणि तुम्हाला हाक मारली."

"पण आत्या म्हणतात, तुम्ही काडेपेटीलासुद्धा..."

"इंदूवन्सं स्वयंपाकघरातलं बोलतायत. मीठ-साखरेचं निराळं, उपेंद्रराव. माणूस गुदमरत असताना शब्द कोण जपत बसतं? संपला असता तर संपला म्हणून बोंब नसती का ठोकली मी? तुम्ही तिथंच तर होतात, दोन हातांवर."

उपेंद्र तिच्याकडं बघत राहिला. त्याला ते खरं असायला हवं होतं, इतकं हवं होतं की त्याचे ओठ आपोआप ती वाक्यं पुटपुटत होते. मग त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडला.

"माझं चुकलं हो," आई त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली. "माझ्यामुळं तुमच्या कष्टांची माती झाली."

"नाही आई, नाही. असं मनाला लावून घेऊ नका." तो हुंदके देत होता. "तुम्हाला काय माहीत त्यातलं. तुम्ही घाबरलात. मी नाही राग धरला. कधीच नाही धरणार."

त्यानं शब्द पाळला. आई आणखी नऊ-दहा वर्षं जगली, आणि शेवटपर्यंत त्यानं तिला एका शब्दानं दुखवलं नाही. कुणी तो विषय काढलाच तर तो हात वर करून थांबवायचा. "त्यांच्या जागी कुणीही असतं तरी हेच झालं असतं," असं अगदी मोठ्या मनानं सांगायचा. आई ऐकून घ्यायची.

पण त्या दुपारी तो तोंड धुवायला गेला तशी मी दार लोटलं.

"आई, तू खरंच चावी फिरवलीस?"

"फिरवली."

"माझ्याकडं बघून सांग. कुठल्या बाजूला फिरवलीस?"

आई दाराकडं बघत होती. मोरीत उपेंद्र पाण्याचे हबके मारत होता, त्याचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत ती थांबली.

"त्यांनी सांगितली त्या बाजूला," ती म्हणाली.

उपेंद्रनं कमी करायला सांगितलं होतं. काटा लालवर आलेला, गोळी खाली जात चाललेली, समोर नवरा तोंडानं हवा ओढतोय, आणि बसखालून जावयाचा आवाज येतो, थोडा कमी करा. तिला वाटलं, उरलेला पुरवून वापरायचा असेल. ते शिकलेले, त्यांना कळतं. म्हणून जन्मात खटक्याला हात न लावणाऱ्या माझ्या आईनं चावी धरली आणि बाबांचा वारा स्वतःच्या हातानं कमी केला. मी तिच्या शेजारी खाली बसले.

"आई, लोक तुला काय काय बोलतायत..."

"बोलू दे. माझं किती राहिलंय आता? त्यांना उभा जन्म काढायचाय. तुला त्यांच्याबरोबर काढायचाय." तिनं माझ्या हनुवटीला धरून माझं तोंड वर केलं. "हे पुन्हा तोंडातून काढायचं नाही. माझ्यामागंही नाही. ऊठ. पानं मांडली असतील. त्यांना नीट आग्रह करून वाढ."

मी उठले. उपेंद्र पंगतीत काकांशेजारी बसला होता. डोळे सुजले होते, केस ओले होते. मी भाताची परात घेऊन त्याच्यापुढं वाकले. त्यानं नको म्हणायला हात वर केला नाही. वरण-भात संपवला, पुन्हा भात मागितला, गोड दोनदा घेतलं. कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवला.